हजार विड्यांचा भाव

"शेंगा दीडशे झाल्या ओ, अक्का," असं मी भिंतीवरून नुसतं म्हणायचा अवकाश, पलीकडून भाव येतो, "म्हंजे पाऊण हजार." हे पाऊण हजार रुपये नव्हेत, विड्या आहेत. हजार विड्या वळल्या की आज बाईच्या हातात कापून-बिपून दोनेकशे रुपये पडतात, असं अक्कांच्या जुन्या गल्लीतल्या बायका सांगतात. तो दर धरायचा आणि दुनियेतल्या कुठल्याही वस्तूची किंमत विड्यांत काढायची, ही अक्कांची रीत. सिलिंडर चार हजारांच्या वर. नातवाचे बूट पाच हजार. सुनेनं ऑनलाइन मागवलेला मिक्सर सतरा हजार. पार्सल घेऊन आलेला पोरगा त्या दिवशी घामाघूम होऊन समजावत होता, "आजी, सतरा नाही ओ, तीन हजार चारशे!" आणि अक्का त्याला म्हणत होत्या, "तेच की रे, मी काय वेगळं म्हणायले?"

अक्का पद्मशाली. माहेर साखर पेठेतलं, सासर अशोक चौकाच्या पलीकडं. घरात तेलुगू, दारात मराठी आणि बाजारात अडलं तर कानडी. सोलापुरात याचं कुणाला काही वाटत नाही. मालक लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, भाऊ मागावर, आणि या स्वतः परकरातल्या वयापासून विड्यांच्या सुपापाशी. पंच्याहत्तरीच्या आसपास असतील. नेमकं साल त्यांनाही ठाऊक नाही, आधार कार्डावर एक जानेवारी आहे. मुलानं जुळे सोलापुरात घर घेतलं तेव्हा त्या आमच्या शेजारी आल्या. दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत, तिच्यावर माझ्या बाजूनं तुळस, त्यांच्या बाजूनं कढीपत्ता. या दोन कुंड्यांच्या मधल्या हातभर जागेतून गल्लीचा सगळा कारभार चालतो.

विड्या सोडूनही त्यांना आता बरीच वर्षं झाली, पण बोटं काही थांबलेली नाहीत. हिशेब करायला लागल्या की उजवा अंगठा तर्जनीवरून पुढं सरकतो, मधलं बोट खालून आधार देतं, आणि शेवटी नखानं काहीतरी आत दाबल्यासारखं होतं. मला आधी वाटायचं, संधिवात. मग एकदा त्यांनीच दाखवलं. पान भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मऊ झालं की पत्र्याच्या मापावर कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, दोरा मारायचा, तोंड मुडपायचं. पंचवीसचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे म्हणजे हजार, आणि हजाराला दहा तास. मग ते डोक्यावर घेऊन कारखान्यात जायचं, तिथं तपासणारा छाट काढणार. "छाट काढली म्हंजे त्याचं पैसं न्हाई. पान आपलं गेलं, तंबाखू गेली, येळ गेला. आणि काढलेली विडी तो काय फेकून देतो व्हय?" एवढं सांगून त्या गप्प होतात. पुढचं आपण समजून घ्यायचं.

आता या हिशेबाला खरा प्रतिवादी मिळतो तो पाण्याच्या दिवशी. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी गल्ली पहाटेपासून जागी असते. ड्रम, पिंपं, हौद, टाकी, घरातली झाडून सगळी भांडी भरायची; मोटारी घरघरत असतात आणि पाईप धरून उभं राहण्यापलीकडं कुणाला काही काम नसतं. म्हणजे गप्पांना याहून चांगला मुहूर्त नाही. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाईपातून येतं, ते येईतो माणसं दुसरं करणार काय?

समोरचे काका रेल्वेतून निवृत्त. पाईप झाडाला लावला की त्यांचं सुरू होतं. "आमच्या वेळी ओ, दोन रुपयांत पिशवी भरून भाजी यायची. मंगळवार बाजारातनं आणताना खांदा दुखायचा. आता पाचशेची नोट मोडली की हातात कोथिंबिरीची जुडी. शोले आला तेव्हा भागवत टॉकीजला दीड रुपयात बसून बघितला. आज पोरं दोन-दोनशे रुपये देतात, वर लाह्यांना तेवढेच! स्वस्ताई म्हणजे काय ते आम्ही पाहिलं. सोनं शंभर-सव्वाशे रुपये तोळा होतं आमच्या लहानपणी."

"मग घेऊन का ठेवला न्हाई?" अक्का.

काका म्हणाले, "तेव्हा पैसे कुठं होते?"

"तेच म्हणायले मी."

मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "काका, एवढी स्वस्ताई होती तर ७४ साली तुम्ही संप कशापायी केलात?" काका नुकतेच नोकरीला लागले होते तेव्हा. जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली ८ ते २७ मे १९७४, देशभर रेल्वे बंद. सोलापूर जंक्शन शांत झालं होतं, असं काकाच मोठ्या अभिमानानं सांगतात. मागण्या काय, तर बोनस द्या, महागाई भत्ता द्या. त्याच्या आधी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याही तेल-साखरेच्या भावापायीच. म्हणजे ज्या वर्षांना काका स्वस्ताई म्हणतात, त्याच वर्षांत ते स्वतः महागाईच्या नावानं घोषणा देत होते. माणूस आपला पगार विसरतो आणि भाव तेवढे पाठ ठेवतो. काका म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं, ते पाणी जाईपर्यंत काही सांगितलं नाही.

माझी सगळी नोकरी सरकारी हिशेबात गेली. त्यामुळं मला आकड्यांशिवाय करमत नाही. त्या दिवशी कालनिर्णयच्या पाठीमागं मी मांडून दाखवलं. कामगारांच्या घरखर्चावरून सरकार दर महिन्याला किमतींचा निर्देशांक काढतं. १९६० सालाला शंभर धरून एक मालिका होती, मग १९८२ ची आली, मग २००१ ची, आता २०१६ ची आहे. जुनी मालिका नवीला जोडताना एक गुणक देतात: ४.९३, मग ४.६३, मग २.८८. आणि २०१६ चे शंभर २०२५ मध्ये १४५ च्या आसपास पोचले. हे सगळं एकमेकांनी गुणलं की येतात पंच्याण्णव. म्हणजे १९६० साली जे एका रुपयात येत होतं, त्याला आज ढोबळमानानं पंच्याण्णव रुपये लागतात. अक्का तेव्हा आठ-दहा वर्षांच्या. एका आयुष्यात पंच्याण्णव पट.

"सगळंच पंच्याण्णव?" अक्कांनी विचारलं.

सगळंच कसं असेल? सोनं शंभर-सव्वाशेवरून निघालं, २०२५ साली त्यानं लाख ओलांडला, म्हणजे आठ-नऊशे पटीच्या वर. याच्या उलट पोस्टकार्ड. तेव्हा पाच नवे पैसे, आज पन्नास पैसे. दहाच पट. पण पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालत असलं तरी दुकानदार हातात घेत नाही, आणि चार आण्याचं तर २०११ च्या जूनअखेर सरकारनंच बाद केलं. यांत सगळ्यांत कमी महागलेलं ते पोस्टकार्ड, आणि ते कुणालाच नको.

अक्कांनी ते पंच्याण्णव ऐकून घेतलं, पाईप एका ड्रममधून दुसऱ्यात टाकला, आणि म्हणाल्या, "वैनी, रुपयाचं तुमी सांगितलं. आता माझं ऐका." अंगठा सुरू झाला.

त्यांचं लग्न झालेलं, मोठा मुलगा पोटात, म्हणजे ७५ चा सुमार. तेव्हा हजाराला चारेक रुपये मिळत. बाजारात साखर घ्यायची तर हजार विड्यांत किलोभर यायची मारामार. रेशनची दोन रुपयांची आली तर आली. शेंगातेल किलोला दोन हजार विड्या. आज तेच तेल हजाराच्या आत येतं आणि साखर हजारात साडेचार किलो. ज्वारी तेव्हा दोन किलो, आता चार-साडेचार. "सायकल मालकानं घेतली ती पंच्याहत्तर हजाराची. मी मोजली हाय. आता तीस हजारात येती." आणि लुगडं? सुती, नऊवारी, गड्ड्याच्या जत्रेआधी वर्षातनं एकदा. चोवीस रुपये. सहा हजार विड्या. आज सुनेच्या कामवाल्या बाईची रोजची साडी चारशेची. दोन हजार.

काका पाईप सोडून जवळ आले. "म्हणजे स्वस्ताई आत्ता आहे म्हणता?"

"खायाची आन् नेसायची हाय."

मला हे पटायला वेळ लागला, पण आकडे तिरके फिरत नाहीत. रुपयात पाहिलं तर सगळं कितीतरी पट, आणि हाताच्या कामात पाहिलं तर भाकरी-कापड अर्ध्यावर आलेलं. ७२ च्या दुष्काळात रेशनला लाल मिलो आली होती, अमेरिकेची. तिच्या भाकरी थापताना फुटायच्या आणि खाताना घशाखाली उतरायच्या नाहीत. तिच्यासाठीसुद्धा रांग असायची. ज्वारीच्या जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या मालदांडीपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, माणसं मिलोच्या रांगेत. ते दिवस काढलेल्या बाईला आजचा किराणा महाग वाटावा कसा?

पण कापडापाशी अक्का थोड्या अडखळल्या. लुगडं सहा हजारांवरून दोन हजारांवर आलं हे त्यांना बाई म्हणून बरं वाटतं, आणि कोष्ट्याची लेक म्हणून नाही. सोलापूरची पहिली गिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती १८७७ साली सुरू झाली आणि साठीच्या दशकात बंद पडली. अक्कांच्या वडिलांचं काम तिथं गेलं. मालकांची लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात गेली. मधल्या काळात गावाची पहाट भोंग्यावर व्हायची. दुधाला पाणी किती घालायचं एवढं सोडलं तर सगळं त्या भोंग्यावर ठरायचं. मिल बंद झाल्यावर काही वर्षं घराघरांत पुरुष घरी आणि बाई सुपापाशी, असं चित्र होतं. भाकरी विडीनं पोसली. हे वाक्य सोलापुरात कुणी भाषणात म्हटलं की टाळ्या पडतात. अक्का टाळ्या वाजवत नाहीत. त्या वेळी मालक दिवसभर घरात बसून छाट किती निघाली ते विचारायचे, एवढंच त्यांना आठवतं.

भावाचा माग अजून चालतो, म्हणजे चालतो असं म्हणायचं. जकार्डची चादर, पाना-फुलांची, दोन्हीकडून वापरता येणारी. ७५ ला ती सहा-सात हजार विड्यांची होती, आज तीन-साडेतीनची. सूत महागलं, वीज महागली, चादरीचा भाव त्या मानानं चढेना. कारण पानिपतहून येणारा माल सोलापुरी म्हणून खपतो. चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा भावानं पेढे वाटले होते. "पेढे बी वाया गेले," अक्का म्हणतात. कापड स्वस्त होतं तेव्हा ते कुणाच्या तरी मजुरीतूनच स्वस्त होतं, आणि आमच्या गावात तो 'कुणीतरी' बहुतेक आपल्याच घरात निघतो.

"मग महागलं काय, ते सांगा की," काका म्हणाले. हरलेला माणूस असाच प्रश्न विचारतो.

"शाळा," अक्का म्हणाल्या. विचार करावा लागला नाही. त्या स्वतः नगरपालिकेच्या तेलुगू शाळेत चौथीपर्यंत. फी नाही, पाटी एक, तीही मोठ्या बहिणीची. मुलगा महापालिकेच्या शाळेतच शिकला, पुढं आयटीआय, आणि त्याच जोरावर हे घर झालं. नातू इंग्रजी शाळेत, वर्षाला पंचेचाळीस हजार रुपये, गणवेश आणि बस वेगळी. "सव्वादोन लाख विड्या. साडेसात महिने, सुट्टी न घेता. आन् ते पोरगं घरी येऊन काय म्हणतं? अज्जी, यू डोन्ट नो." हे शेवटचं त्यांनी इतक्या झोकात म्हटलं की काका हसत सुटले.

त्यानंतर सोनं. ७५ ला तोळा पाचशे चाळीसच्या घरात; एकशे पस्तीस हजार विड्या, म्हणजे साडेचार महिने. बाई पोटाला चिमटा काढून, भिशी लावून, दोन-तीन वर्षांत तोळाभर करायची. अक्कांनी केलं. आता पाच लाख विड्या वळल्या तरी तोळा पुरा होत नाही. त्यांच्या जुन्या गल्लीतल्या पोरींच्या लग्नात एक ग्रॅमचं सोनं, म्हणजे वरचा मुलामा. "पण लांबनं सेम दिसतं," त्या लगेच सावरून घेतात.

आणि घर. बहिणीला कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं, दहा हजार विडी कामगार बायकांची वसाहत. २००६ ला पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते किल्ल्या द्यायला. साठ हजारांचं घर, वीस केंद्राचे, वीस राज्याचे, वीस बाईचे. त्या विसासाठी बहिणीनं गळ्यातलं मोडलं. "शानी होती. सोनं गेलं पण घर आलं. मी सोनं ठेवलं." मग तिथंच रे नगर झालं, तीस हजार घरांचं, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मोदींच्या हातून मिळाल्या. या घरांसाठी लढलेल्या आडम मास्तरांचं नाव काढलं की काका तोंड वाकडं करतात, ते त्यांचं राजकारण. पण दोन पंतप्रधान एकाच माळरानावर विडीवाल्या बायकांना किल्ल्या द्यायला येतात, असं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही.

मुलाच्या घराचा हिशेब मात्र अक्का करत नाहीत. एकदा केला होता, माझ्या कॅल्क्युलेटरवर. चाळीस लाखांचे दोन कोटी आले. दोन कोटी विड्या, रोज हजार, सणवार न पाळता: चोपन्न वर्षं उलटून जातात. त्यांनी जन्मभर वळल्या त्याहून जास्त. कॅल्क्युलेटर माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "मशीन बिघडलंय तुमचं."

एव्हाना काकांना धीर आला होता. त्यांनी हुकमाचं पान काढलं. "आणि पाणी, अक्का? पाणी तरी आमच्या वेळी फुकट होतं का नव्हतं? चौकात नळ, वाड्यात आड. आता प्यायला जार घ्यावा लागतो. तीस रुपये."

"दीडशे विड्या," अक्कांनी बदलून दिलं. आणि थांबल्या. अंगठा हलत होता. "पण काका, चौकातल्या नळावर कोण जात होतं?"

"बायकाच जायच्या की."

"दोन तास लागायचे. कवा भांडण झालं तर तीन. तासाला शंभर विड्या. म्हंजे दोनशे-तीनशे विड्याचं पाणी व्हतं ते. तुमाला फुकट व्हतं."

मी या बाईला हिशेब खात्यात घेतलं असतं. आमच्या खात्यात बसून मी कधी रांगेला भाव लावला नाही. रॉकेलची रांग, रेशनची रांग, सिव्हिलमध्ये केसपेपरची रांग, ट्रंक कॉल लागण्याची वाट. काकांच्या स्वस्ताईत या कशाचाच आकडा नाही, कारण त्यांतल्या निम्म्या रांगांत त्यांची आई किंवा बायको उभी होती. फोनचं तर बोलायलाच नको. अक्कांची लेक भिवंडीला दिली. पूर्वी तिकडून तार आली की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. २०१३ च्या जुलैत सरकारनं तारच बंद केली. आता लेक रोज व्हिडिओवर येते आणि कढईत काय आहे ते दाखव म्हणते. याची किंमत विड्यांत काढायला गेलं तर एक कट्टासुद्धा होत नाही. एवढं स्वस्त बोलणं अक्कांना सोसत नाही, त्या दोन मिनिटांत "ठेव, बिल येतंय" म्हणतात.

काकांनी हार मानली नाही, पण पाईप गुंडाळायला घेतला. मला वाटलं, विषय संपला. माझंच तोंड नडलं. आकड्याचा मोह. म्हटलं, "अक्का, तो पंच्याण्णवचा आकडा काढतात ना, त्यात आपलं सोलापूर आहे बरं का. देशात अठ्ठ्याऐंशी ठिकाणी बाजारात जाऊन भाव टिपतात, त्यातलं एक सोलापूर. इंग्रजांच्या वेळेपासून. मुंबई, अहमदाबादच्या जोडीनं इथल्या गिरणी कामगारांच्या घरचा खर्च मांडला होता सरकारनं, १९२५ च्या सुमारास."

"म्हंजे आमच्या मालकासारख्यांचा?"

"हो की. कामगाराच्या घरात ज्वारी किती, तेल किती, भाडं किती, पान-तंबाखू किती."

"आन् मग त्या आकड्याचं काय करत्यात?"

"त्यावरून महागाई भत्ता ठरतो. जानेवारीला आणि जुलैला. बाजार महागला की भत्ता वाढतो."

"कुणाचा?"

"सरकारी नोकरांचा. आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांचा. काकांचाही."

अक्कांचा अंगठा थांबला. त्यांना भविष्य निधीची पेन्शन आहे. किमान हजार रुपये, असं २०१४ साली ठरलं. अक्कांना हजारच मिळतात. त्याला महागाई भत्ता नाही. तेव्हापासून तेवढेच. सिलिंडर आणलं की दीडेकशे रुपये उरतात.

"म्हंजे आमी कांदा काय भावानं घेतो, ते बगायला माणूस बाजारात येतो," त्या सावकाश म्हणाल्या, "आन् कांदा महागला की पैसं तुमाला."

मी काय बोलणार? माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवला नाही. नियम सांगितला. ती पेन्शन वेगळी, ही वेगळी. तिचा निधी वेगळा, हिची तरतूद वेगळी. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं. काका म्हणाले, "नियमच तसा आहे, अक्का." काकांना नियमाचा आधार एवढ्या लवकर घेताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अक्कांनी वाईट वाटून घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते व्यवहारात घेतलं. "मग कांद्याचं कमिशन टाका," म्हणाल्या. मला वाटलं, थट्टा. पण थट्टा नव्हती. तेव्हापासून भत्ता वाढल्याची बातमी माझ्या आधी त्यांना कळते; नातवाच्या मोबाईलवर त्यांनी ती यायची सोय करून घेतली आहे. २०२५ च्या दसऱ्याच्या तोंडावर केंद्राचा भत्ता पंचावन्नाचा अठ्ठावन्न टक्के झाला. केंद्राचं काकांना आधी मिळतं, आम्हा राज्यवाल्यांना मागाहून, फरकासकट. हे सगळं त्यांनी माझ्याकडून नीट समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या निमित्तानं आपट्याची पानं घेऊन थेट काकांच्या फाटकात उभ्या राहिल्या. काका पैशाला घट्ट. बरीच घासाघीस झाली, आम्ही सगळ्या गॅलरीतून बघत होतो. शेवटी काकू आतून पाव किलो पेढे घेऊन आल्या.

अक्कांनी पुडा हातावर तोलला. "दीडशेचे असत्याल. पाऊण हजार," त्या म्हणाल्या. "बाकीच्या लिहून ठेवते. आन् काकू, जानेवारीत गड्डा हाय, पाळण्यात बसायचं राहिलंय माझं. त्याचं वैनीच्या फरकात धरते, पण भजी तुमच्याकडं."